कमान मागवू नका, बांधा!

परवा दादाच्या लेकाचा पहिला वाढदिवस झाला. हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर प्रत्येकाच्या तोंडून "काय सुंदर!" निघत होतं. आणि सुंदर होतीच ती. निळ्या, पांढऱ्या, सोनेरी फुग्यांची भलीमोठी कमान. डेकोरेटर म्हणाला, चारशे फुगे आहेत.

केक कापला, फोटो झाले आणि पंधरा मिनिटांत पोरांनी टाचण्या घेऊन कमानीवर हल्ला चढवला. फटाफट आवाज, मोठ्यांचं हसणं, उत्सवमूर्तीचं भोकाड. थोड्या वेळानं भोकाड थांबलं म्हणून आईनं वळून पाहिलं, तर साहेब काहीतरी चघळत होते. ओठाबाहेर निळं टोक दिसत होतं, ते धरून आईनं ओढलं. फुग्याचा तुकडा. चांगला बोटभर लांब.

मला पुढे जेवण गेलं नाही.

वहिनी, तू हे वाचणार आहेसच, रागावू नकोस. तो तुकडा काही तू टाकला नव्हतास. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. फुग्यांच्या पाकिटावर बहुतेक वेळा सूचना असते, की आठ वर्षांखालच्या मुलांपासून न फुगवलेले आणि फुटलेले फुगे दूर ठेवा. पातळ रबर घशात गेलं तर तिथल्या आकाराप्रमाणे चिकटून बसतं आणि श्वास कोंडतो. आता कमान जर तयारच येत असेल, तर ते पाकीट कुठे राहतं? डेकोरेटरच्या टेम्पोत! सूचना वाचणारा एक आणि मुलं सांभाळणारे दुसरेच. तयार कमानीबद्दल माझं भांडण आहे ते इथे.

दुसरं भांडण "अगं, रबर नैसर्गिक असतं, कुजून जातं" म्हणणाऱ्यांशी. चीक झाडाचाच, कबूल. आपल्या दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत, तिथे झाडाला तिरकी खाच पाडून वाटीत चीक गोळा करतात. पण त्या चिकाचा फुगा व्हायचा तर त्यात गंधक येतं, रंग येतात, आणखी रसायनं येतात. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी असे फुगे गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात आणि कंपोस्टमध्ये १६ आठवडे ठेवून पाहिले. फुगे बऱ्यापैकी तसेच्या तसे होते! आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून फुग्याच्या प्लास्टिकच्या काडीवर बंदी आहे. काडी गेली, चारशे फुगे राहिले. असो.

आता तुम्ही म्हणाल, मग काय फुगे लावायचेच नाहीत? लावा की! पण स्वतः बांधा. गेल्या वर्षी लेकीच्या नवव्या वाढदिवसाला आम्ही बारा फुटांची कमान घरी केली. दोन फुग्यांची तोंडं एकमेकांना बांधायची की झाली जोडी. दोन जोड्या मधोमध पिळल्या की चारांचा गुच्छ. सगळे गुच्छ एका जाड दोऱ्यावर एकापाठोपाठ एक दाबून बसवायचे. रंगांचा क्रम दर वेळी तोच ठेवला की वरचा गुच्छ खालच्याच्या फटीत बसतो आणि रंगांचा नागमोडी पट्टा आपोआप वर चढत जातो. सगळे फुगे सारख्या मापाचे व्हावेत म्हणून खोक्याला नऊ इंची गोल भोक पाडलं. त्यातून अलगद पार झाला तो पास. हातपंप मात्र हवाच, तोंडानं फुगवलंत तर केक कापायला उरणार नाही! २४ गुच्छ, ९६ फुगे, चार माणसं, दोन तास.

"वेळ कुठे आहे?" हा प्रश्न मलाही पडतो. पण त्या दोन तासांत आजोबा गाठी मारत होते, लेक खोक्यापाशी परीक्षक होऊन बसली होती आणि मोबाइल कोपऱ्यात पडले होते. हॉलमधल्या त्या पंधरा मिनिटांत असं काय झालं, सांगा बरं?

आमची कमान थोडी वाकडी होती, खरं आहे. पण ती फोडायला कुणी टाचणी आणली नाही. ज्यानं गाठ मारलीय त्याला ते जमतच नाही. तीन दिवसांनी फुगे मलूल झाले तेव्हा लेकीनं कात्रीनं गाठीपाशी बारीक चीर देऊन एकेकाची हवा सोडली. रबरं पिशवीत मोजून भरली. ९६ लावले होते, ९६ भरले. एकही तुकडा जमिनीवर नाही. चारशेंची अशी मोजदाद त्या हॉलमध्ये कुणी केली असेल का?

आणि घरात रांगतं मूल असेल तर फुगे नकोतच. झेंडूचं तोरण लावा, कागदी पताका लावा. त्याला कमान कळत नाही, तोंडात काय घालायचं ते मात्र बरोबर कळतं.

दादा, पुढच्या वर्षी पताका कापायला आत्या येतेय. खळ तेवढी तयार ठेव!