मांजर आणि कॅमेरा

भाईंदर पूर्वेचे जेसल पार्क वसईच्या खाडीजवळ वसलेले आहे. मुंबईजवळच्या इतर वस्त्यांप्रमाणे तेथेही इमारतींच्या आवारात, जिन्याखाली आणि गाड्यांच्या आडोशाला मांजरे राहतात. पहाटे व तिन्हीसांजेला मांजर अधिक हिंडते. आजारी पडले म्हणजे ते दुखणे लपवून कोपऱ्यात दडून बसते. त्यामुळे रोज दूध-पोळी घालणाऱ्यालाही त्याचे हाल पुष्कळदा कळत नाहीत.

हल्ली दोन-तीन हजार रुपयांत मिळणारा घरगुती कॅमेरा अवरक्त किरणांच्या साहाय्याने काळोखातही पाहू शकतो. कोणते मांजर लंगडते, कोणते दोन दिवस जेवायलाच आले नाही, हे तो दाखवितो. त्याचा असा उपयोग करणे मला योग्यच वाटते.

मात्र आवार सर्वांचे असते. म्हणून कॅमेऱ्याचे तोंड मांजराच्या थाळीकडे असावे, शेजाऱ्याच्या दाराकडे नव्हे. आणि तो बसविण्यापूर्वी शेजाऱ्यांना विचारावे. खासगी जीवन जपण्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कॅमेरा पाहतो, पण जखम धूत नाही. पडद्यावर लंगडे मांजर पाहून नुसते हळहळणे पुरेसे नाही. जिना उतरून, वडीलधाऱ्यांच्या मदतीने त्याला पशुवैद्याकडे न्यावे लागते. १९७६ साली संविधानात समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगावी, असे सांगितले आहे. मुलांनो, ते कर्तव्य आपले आहे, यंत्राचे नव्हे.