कर्त्याच्या डोक्यातला हिशेब



पुण्यात शनिवारवाड्याजवळच नानावाडा आहे. हा वाडा नाना फडणिसांचा. त्यांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२ सालचा, साताऱ्याचा.

फडणीस म्हणजे राज्याचा जमाखर्च पाहणारा अधिकारी. कोणत्या गावचा वसूल किती, इनाम कोणाला, फौजेचा खर्च किती, हे सारे त्यांच्या दप्तरातून जाई. १७६१ साली नाना पानिपतातून जिवंत परतले. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा राज्य सावरणाऱ्या बारभाईंत नाना प्रमुख होते. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे पुण्याचा कारभार मुख्यतः त्यांच्याच डोक्याने चालला.

नाना जमीनदारही होते. १७६८ साली वाईजवळचे मेणवली गाव त्यांना इनाम मिळाले. कृष्णाकाठी त्यांनी वाडा, घाट आणि देऊळ बांधले. वाड्यात कागदपत्रे इतकी जपली, की मेणवली दप्तर अभ्यासकांना आजही उपयोगी पडते.

कागद जपले, पण कारभार पुढे चालवणारा माणूस तयार झाला नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. मुलगा नव्हता. मागे राहिलेली पत्नी जिऊबाई जेमतेम नऊ वर्षांची. त्या पोरीला लोहगडाचा आसरा घ्यावा लागला. इकडे १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी वसईस इंग्रजांशी तह केला आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. दोष एकट्या नानांचा नव्हे. दरबारातली भांडणे होतीच. पण सारी सूत्रे एकाच माणसाच्या हाती असली, की तो जाताच घर उघडे पडते.

आपल्या घरी काय आहे ते पाहा. बांध कुठून कुठे, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची, सोसायटीचे कर्ज किती फेडले, भावकीत कोणाला किती उसने दिले, हे फक्त कर्त्यालाच ठाऊक असते. उद्या त्याचे बरेवाईट झाले, तर घरच्या बाईने तलाठ्यापुढे काय सांगायचे? अशा वेळी शेजारी बांध सरकवतो, उसने नेणारा कानावर हात ठेवतो आणि वारसनोंद वर्षानुवर्षे रखडते.

म्हणून या आठवड्यात पेटी उघडा. सातबारा, आठ-अ, फेरफार, कर्जाचे पासबुक आणि विम्याची पावती एका पिशवीत ठेवा. साध्या वहीत देणेघेणे तारखेसह लिहा. आधीच्या पिढीची वारसनोंद राहिली असेल, तर मुलींच्या नावांसह ती आताच करून घ्या. आणि मुख्य म्हणजे बायकोला, मुलाला, मुलीला शेजारी बसवून एकेक कागद समजावून सांगा. एकदा बांधावरूनही फिरवून आणा.

बियाणे आपण पुढच्या हंगामासाठी राखून ठेवतो. शेताची माहितीही तशीच पुढच्यासाठी राखायची असते.