बसवून ठेवू नका, उभे करा

वाकोल्याच्या चाळींत पोटमाळ्याची उभी शिडी आणि ओली मोरी रोजचीच. घरातले ज्येष्ठ एकदा पडले की आपण बजावतो, ‘आता बसून राहा.’ काळजीपोटी दिलेला हा सल्लाच घात करतो. बसून मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल ढळतो आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो.

घरीच राहणाऱ्या साठीपुढच्या लोकांवरील १०८ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. यात तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम महत्त्वाचे. त्यासाठी जिम नको, दहा बाय दहाची खोलीही चालते. ओट्याला धरून टाचा उचला, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून सावकाश उठबस करा. आठवड्यातून तीनदा, जवळ कोणी असताना. चक्कर येत असेल किंवा नुकतेच पडला असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पालिका दवाखान्यांनीही रक्तदाबाची गोळी देताना ज्येष्ठांना एकदा खुर्चीवरून उठायला सांगावे. खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा ही तपासणी कितीतरी स्वस्त आहे.