उतारवयातील मधुमेह आणि रात्रीचे चौदा तास

मधुमेह असलेल्या ज्येष्ठांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. सूर्यास्तापूर्वी दोन फुलके आणि वाटीभर मुगाची डाळ एवढेच पोटात गेले, नंतर चौविहार, म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. आणि तरी सकाळी बोटाला सुई टोचून पाहावे तर साखर १६८! रात्रभर काही खाल्लेच नाही, तर ही साखर आली कोठून?

ती यकृतातून आली. मनुष्य जेवो अथवा न जेवो, मेंदूला अहोरात्र साखर लागते. म्हणून दिवसा साठवलेल्या ग्लायकोजनमधून यकृत रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते, आणि साठा उतरू लागला की नवी तयारही करते. या कामावर दोन संप्रेरकांचा अंमल चालतो आणि दोन्ही एकाच स्वादुपिंडात निर्माण होतात. इन्सुलिन यकृताचा हात आवरते, ग्लुकागॉन तो मोकळा करते. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला आणि त्याचे नाव घरोघरी पोहोचले. ग्लुकागॉनला १९२३ मध्ये नाव मिळाले, परंतु मधुमेहींच्या घरांतही ते आज फारसे कोणाला ठाऊक नसते. पहाटेच्या सुमारास यांत कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक यांची भर पडते. शरीर जागे होण्याची तयारी करीत असते, म्हणून साखर वर ढकलली जाते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड थोडे अधिक इन्सुलिन सोडून ही वाढ झाकून टाकते. मधुमेहींच्या स्वादुपिंडाला ते जमत नाही. सकाळचा तो १६८ बहुधा याचा परिणाम असतो. त्यात पथ्य मोडल्याचा दोष शोधणे ज्येष्ठांवर अन्याय करणारे आहे.

खरा धोका पुढे सुरू होतो. सकाळचा आकडा पाहून घरातील मंडळी अस्वस्थ होतात आणि गोळी वाढवून घेतली जाते, कधी कधी तर डॉक्टरांना न विचारताच. ती वाढलेली गोळी पहाटेची वाट पाहत बसत नाही. ती मध्यरात्रीही आपले काम करीत असते, आणि मध्यरात्री यकृताला आवरण्याची गरज नसते. म्हणूनच सकाळची साखर वाढलेली दिसली तर एक-दोन दिवस रात्री तीनच्या सुमारास उठून ती तपासावी आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवावा. तीनची साखर पाहिल्याशिवाय रात्रीचा डोस वाढवणे म्हणजे अंधारात जिना उतरणे.

तरुण मधुमेही आणि पंचाहत्तरीचा मधुमेही यांत फरक पडतो तो येथे. साखर खाली जाऊ लागली की शरीराचे पहारेकरी क्रमाने जागे होतात. ती ८० च्या आसपास आली की स्वादुपिंड आपले इन्सुलिन आखडते. ७० च्या खाली ग्लुकागॉन आणि अॅड्रेनॅलिन धावून येतात, आणि त्यांच्या मागून कॉर्टिसॉल व वाढीचे संप्रेरक. हातांना कंप सुटणे, छाती धडधडणे, दरदरून घाम फुटणे हे सारे प्रामुख्याने अॅड्रेनॅलिनच्या हाकेचे परिणाम होत. मधुमेह जुना झाला की ग्लुकागॉनचा प्रतिसाद मंदावतो. बाहेरून घेतलेले इन्सुलिन वा गोळीने पिळून काढलेले इन्सुलिन शरीराला आखडता येत नाही. आणि वय वाढले की हाक ऐकू येते ती उशिरा, मेंदू साखरेवाचून अडखळू लागल्यावर. मग घाम-कंप न होता आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागतात, सुनेला ओळखत नाहीत, न्हाणीघराकडे जाताना पडतात. घरात कोणी म्हणते वय झाले, कोणी म्हणते अर्धांगाचा झटका असावा. ग्लुकोमीटर मात्र कपाटातच राहतो. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या कंप आणि धडधड झाकतात. घाम सहसा झाकला जात नाही. सकाळी उशी आणि सदरा ओला आढळला तर तो केवळ उकाड्याचा घाम समजू नये.

आता चौविहाराचे गणित मांडून पाहावे. डिसेंबरात मुंबई-पुण्याकडे सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. म्हणजे अन्नपाण्याविना सुमारे चौदा तास! सायंकाळी लवकर जेवणे हे मधुमेहात एरवी हितकारकच. परंतु बहुतेक औषधचिठ्ठ्या रात्री नऊला जेवणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. चिठ्ठीवर ‘रात्रीच्या जेवणापूर्वी’ असे लिहिलेले असते, ज्येष्ठ साडेपाचला जेवतात आणि सवयीने नऊला मिश्र इन्सुलिन टोचून घेतात. जेवण तीन तासांपूर्वीच झालेले, आणि इन्सुलिनला सामोरे यायला ताटात काहीच नाही. अशा वेळी दोष इन्सुलिनलाही देता येत नाही आणि व्रतालाही. डॉक्टरांना जेवणाची वेळ कोणी सांगितलेलीच नसते. तपासणीच्या वेळी ‘आम्ही सूर्यास्तानंतर काही घेत नाही’ हे वाक्य साखरेच्या आकड्याआधी उच्चारले जावे.

सर्व गोळ्या सारख्या घातक नाहीत, हेही ध्यानी असावे. एकटी मेटफॉर्मिन साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवीत नाही. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांचेही तसेच, कारण ती साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिनला चालना देतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि विशेषतः जुनी ग्लिबेनक्लामाइड यांची रीत वेगळी. पोटात अन्न असो वा नसो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. मूत्रपिंडे थकली असतील तर ग्लिबेनक्लामाइडचा अंमल लांबतो; वृद्धांना ती देऊ नये असेच आता तज्ज्ञ सांगतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि तिच्याबरोबर पाणीही. निर्जळ उपवासात त्या चालू ठेवल्या तर शरीर शुष्क होते, आणि क्वचित रक्तात आम्ल साचून प्राणावर बेतते. त्या वेळी साखर फारशी चढलेलीही नसते, म्हणून निदान चुकते. पर्युषणात वा दशलक्षण पर्वात उपवास करावयाचा असेल तर कोणती गोळी किती दिवस आधी थांबवावी, हे पर्वाच्या आदल्या रात्री नव्हे तर दोन-तीन आठवडे आधी विचारावे.

साखर नेमकी किती असावी, याविषयीही घरोघरी अकारण कठोरता दिसते. २००८ साली ‘अॅकॉर्ड’ नावाच्या मोठ्या अभ्यासाने वैद्यकविश्वाला धक्का दिला. अमेरिका व कॅनडातील दहा हजारांहून अधिक मधुमेही, सरासरी वय ६२, हृदयविकाराचा धोका अधिक असलेले. निम्म्यांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६ च्या खाली आणण्याचा कसून प्रयत्न झाला. उरलेल्यांची ७ ते ७.९ मध्ये ठेवली गेली. कडक उपचारांच्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. प्रयोगाचा तो भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. त्या मृत्यूंच्या कारणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र कडक गटात साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट होते. आज धडधाकट ज्येष्ठांसाठी ७ ते ७.५ च्या खाली, अनेक व्याधी असलेल्यांसाठी ८ च्या खाली एवढे पुरेसे मानतात. अगदी जर्जर झालेल्यांच्या बाबतीत तर आकड्यामागे न लागता साखर उतरू न देणे हेच लक्ष्य असते. एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजोबांची सरासरी ६.१ आली म्हणून घरात पेढे वाटण्यापूर्वी, ती कोणत्या औषधाने आली हे पाहावे.

स्नायूंविषयी थोडे. जेवणानंतरची बरीचशी साखर मांड्या-दंडांचे स्नायू उचलतात. वयाबरोबर ते झिजतात, इन्सुलिनला दाद देईनासे होतात आणि उपवासांनी आणखी झिजतात. म्हणून सायंकाळचे जेवण केवळ भाकरी-भाजीवर न उरकता त्यात डाळ, मूग, ताक वा पनीर असावे (मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून), आणि खुर्चीतून दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे रोज व्हावे.

राहिला प्रश्न व्रताचा. मध्यरात्री साखर ५५ झाली, ज्येष्ठांना ती कळलीही, आणि तरी पच्चक्खाण मोडेल म्हणून ते पहाटेची वाट पाहत पडून राहिले, असे होऊ नये. चौविहाराच्या पच्चक्खाणाच्या पाठात आगार सांगितलेले आहेत, आणि समाधी टिकावी म्हणून गंभीर व्याधीत औषध घेण्याचा आगार त्यांतच येतो. ही सवलत आजच्या डॉक्टरांनी शोधलेली नाही, ती परंपरेनेच दिलेली आहे. व्रत घेतानाच गुरुमहाराजांना वा साध्वीजींना आपला मधुमेह सांगून, कोणत्या आकड्याला काय घेता येईल हे विचारून ठेवावे.

उशाशी ग्लुकोज पावडरचा डबा असावा. साखर ७० च्या खाली गेली तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि उतरलेलीच असेल तर पुन्हा द्यावे. व्होग्लिबोज वा अकार्बोज चालू असेल तर नेहमीची साखर वा गूळ त्वरित लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचे आतड्यातील विघटनच रोखते. तेथे ग्लुकोजच हवे. ज्येष्ठ शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. एका कुशीवर वळवून थेट रुग्णालयात न्यावे. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे साखर उतरली असेल तर ग्लुकोजने बरे वाटल्यावरही घरी परतण्याची घाई करू नये. त्या गोळीचा अंमल दिवसभर टिकतो, आणि साखर काही तासांनी पुन्हा खाली येऊ शकते.