रेबीजची सुई घेतली, पण जखमेचे काय?

कुत्रा चावला की आपली माणसे आता सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शने घेतात, हे चांगलेच आहे. रेबीज एकदा झाला की माणूस जवळपास वाचतच नाही. म्हणून ठरवून दिलेल्या तारखेची एकही सुई चुकवू नये. पण आधी परिचारिका म्हणून आणि आता वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक समजूत वारंवार ऐकू येते, "सुई घेतली, आता काही होत नाही." ही समजूत धोक्याची आहे.

रेबीज हा विषाणूचा आजार आहे. त्याची लस फक्त रेबीजलाच अडवते. कुत्र्याच्या तोंडात जिवाणूही असतात आणि दात खोल रुतला की ते मांसात, कधी सांध्यात आणि हाडापर्यंत पोचतात. पाश्चुरेला या जिवाणूमुळे बहुतेक वेळा २४ तासांच्या आतच जखम लाल होते, सुजते, ठणकते. दुसरा जिवाणू कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस. तो क्वचितच आजार करतो, पण केला तर जिवावर बेततो. जखम साधी दिसते आणि तीन-पाच दिवसांत, कधी दोन आठवड्यांपर्यंत, ताप, उलट्या, बरळणे, अंगावर काळेनिळे डाग सुरू होतात. जिवाणू रक्तात पसरले की बोटे काळी पडून कापावी लागतात, प्राणही जातो.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. ज्यांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, काढलेली किंवा निकामी आहे, जे रोज दारू पितात, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे, त्यांना तो जास्त असतो. हा प्रश्न थेट आपल्या घरातला आहे. विदर्भात सिकलसेलचा आजार बौद्ध आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलच्या रुग्णाची पाणथरी हळूहळू निकामी होऊ शकते. वाहकाची गोष्ट वेगळी, त्याची पाणथरी सहसा ठीक असते.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तपासण्या झाल्या, कार्डेही मिळाली. पण कुत्रा चावल्यावर "घरात सिकलसेल आहे का?" असे विचारलेले आम्ही क्वचितच पाहिले. केसपेपरवर चाव्याची जागा आणि सुईची तारीख असते, पाणथरीचा उल्लेख नसतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असावा आणि योग्य अँटिबायोटिक तिथेच मिळावे. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला बाहेरून औषध आणायला सांगितले तर ते आणले जात नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

तोवर आपण काय करायचे? जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवा. मिरची, हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नका. टाके घालण्याचा आग्रह धरू नका, चाव्याची जखम घट्ट शिवली तर जंतू आत कोंडतात. रेबीजबरोबर धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. हाताला, चेहऱ्याला किंवा सांध्याजवळ चावा असेल, जखम खोल असेल, तर "अँटिबायोटिक लागेल का?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. मेडिकलमधून मनानेच दोन गोळ्या आणून खाऊ नका.

सिकलसेलच्या रुग्णाने जखम छोटी असली तरी कार्ड घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उघड्या जखमेला कुत्र्याने चाटले, तरी हेच करावे. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि "कुत्रा चावला होता" हे आधी सांगावे. लाजून किंवा घाबरून गप्प बसू नये. विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि उत्तर देणे हे दवाखान्याचे काम आहे.