सूट नव्हे, रास्त भाव

गणपतीला चाकरमानी गावी येण्याच्या सुमारास राजापूरच्या बाजारपेठेत सवलतीच्या पाट्या लागाव्यात, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. सणासुदीला गिऱ्हाइकाला चार पैसे सोडण्याची दुकानदारीची रीत जुनीच आहे. नवी गोष्ट ही की, आता सवलतीला सणाची गरज उरलेली नाही. मोबाईलच्या पडद्यावरील दुकानांत बारा महिने सेल चालू असतो आणि त्याच्याशी टिकाव धरण्यासाठी तालुक्याच्या पेठेतील दुकानदारालाही बारा महिने पाटी लावावी लागते. महागाईने पिचलेल्या माणसाला चार पैसे वाचल्याचा होणारा आनंद तुच्छ लेखण्याचे कारण नाही. परंतु नित्याची सूट ही सूट राहत नाही. काही काळाने तीच त्या वस्तूची किंमत ठरते, वस्तूची पत तिच्यामागोमाग खाली येते आणि पतीमागोमाग वस्तूचा कसही उतरतो. या साखळीचे अखेरचे टोक मालकापाशी नसून विणकरापाशी, मजुरापाशी आणि बागायतदारापाशी असते. म्हणूनच हा व्यापाऱ्यांचा आपसातील मामला आहे असे मानून समाजवादी कार्यकर्त्याने त्याकडे पाठ फिरविणे योग्य होणार नाही.

प्रथम साधा हिशेब पाहावा. एखादी वस्तू तयार करून दुकानात आणण्यास ८० रुपये लागतात आणि ती १०० रुपयांस विकली जाते, असे धरू. दहा टक्के सूट दिली की किंमत ९० होते. म्हणजे किंमत दहा टक्क्यांनी उतरली, पण नफा वीस रुपयांवरून दहावर, निम्म्यावर आला. पूर्वीइतकीच मिळकत राखायची तर विक्री दुप्पट व्हावयास हवी. चार दिवसांच्या सेलमध्ये ती होतेही. वर्षभर मात्र दुप्पट गिऱ्हाईक कोठून येणार? मग गेलेले दहा रुपये त्या ८० मधून काढले जातात. कापडाची वीण विरळ होते, साबणाच्या वडीचे वजन घटते, शिलाईच्या मजुरीला कात्री लागते. वस्तूचे नाव तेच, वेष्टन तेच, आतला ऐवज मात्र दुसरा. दुकानदाराने दिलेली सूट अशा रीतीने अखेर कारागिराच्या वेतनातून आणि गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या मालातून वसूल होते.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे. आधी किंमत फुगवावी आणि मग ती कमी केल्याचा देखावा करावा. १९९० साली वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती झाली. गिऱ्हाइकाची लूट थांबावी हा तिचा हेतू. पण कमाल किती छापावी याला बहुतेक मालाच्या बाबतीत बंधन नाही. परिणामी जी किंमत छत म्हणून योजली होती, तीच सवलतीच्या नाटकाचा रंगमंच बनली. डॉ. राममनोहर लोहियांनी 'दाम बांधो'चा कार्यक्रम मांडताना एक माप दिले होते : कारखान्यात तयार होणाऱ्या आवश्यक मालाची विक्रीची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये. हे माप आजच्या सेलच्या जाहिरातींना लावून पाहावे. खर्च शंभर आणि किंमत दीडशे असेल, तर तोटा न सोसता जास्तीत जास्त एकतृतीयांश सूट देता येईल. ज्याला वर्षभर निम्म्या किमतीत माल विकूनही तोटा होत नाही, त्याची छापील किंमत खर्चाच्या दुपटीच्या आत असणे शक्यच नाही. म्हणजे पन्नास टक्के सुटीची पाटी ही औदार्याची खूण नसून, मूळ किंमत खोटी होती याचा विक्रेत्याने स्वतःच दिलेला कबुलीजबाब होय.

सद्हेतूने दिलेली सूटदेखील हाच परिणाम घडविते, याचे उदाहरण खादीचे आहे. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग कामास लागला. गिरणीच्या कापडापुढे खादी टिकावी म्हणून तिच्या विक्रीवर सरकारी रिबेट दिली जाऊ लागली. वर्षभराची साधी सूट आणि तिच्या जोडीला गांधीजयंतीपासून ठरावीक दिवसांची विशेष सूट. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण खादी घ्यावयाची ती दोन ऑक्टोबरनंतरच, अशी सवय गिऱ्हाइकाला लागली. खरेदी त्या मोसमाकडे लोटली गेली, उरलेले महिने भांडारे ओस पडू लागली आणि संस्थांचे पैसे मालात आणि सरकारकडून यावयाच्या परताव्यात अडकून राहिले. ज्या वस्त्राने स्वावलंबनाचा विचार देशाला दिला, ते लोकांच्या लेखी सुटीत घ्यावयाचे कापड ठरले. कातणाऱ्या बाईच्या पदरात या सवलतीतून काय पडले, हा प्रश्न तर कित्येक वर्षे नीट विचारलाही गेला नाही. अखेर १ एप्रिल २०१० पासून रिबेटची पद्धत बदलून विपणन विकास साहाय्य आले. साहाय्याची सांगड विक्रीऐवजी उत्पादनाशी घातली गेली आणि उत्पादनमूल्याच्या वीस टक्के रकमेत कारागिराचा पंचवीस टक्क्यांचा वाटा निश्चित झाला. हा वाटा पुरेसा होता असे नव्हे. पण किंमत पाडण्यासाठी खर्चिलेला पैसा आणि काम करणाऱ्या हातापर्यंत पोचलेला पैसा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे धोरणाला कळावयास अर्धशतक लागले, ही ध्यानात ठेवण्याजोगी बाब आहे.

राजापूर तालुक्यापुढे आज हाच प्रश्न हापूसच्या रूपाने उभा आहे. जैतापूर, नाटे, माडबन या पट्ट्यातील बागा कातळात खड्डे काढून, त्यांत माती भरून, पाणी वाहून उभ्या राहिल्या आहेत. मोहोरापासून फळापर्यंत फवारण्या, तुडतुडे आणि फुलकिडे यांचा उपद्रव, राखणीला नेपाळमधून येणारे कामगार, लाकडी पेटी आणि वाशीपर्यंतचे भाडे या साऱ्यांचा खर्च वर्षागणिक चढत आहे. फळ मात्र थांबत नाही. गहू-तांदळासारखा हापूस कोठारात ठेवून भावाची वाट पाहता येत नाही. एप्रिल-मेमध्ये माल एकदम उतरतो, आणि त्याच वेळी शहरांत 'हापूस' या नावाखाली कोणताही आंबा सवलतीच्या दराने ढिगाने मांडला जातो. त्यातला कोकणातला किती आणि बाहेरून आणून त्या नावावर खपविलेला किती, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नसतो. कर्नाटकातील आंबा पिकविणारा शेतकरी हा कोकणातील शेतकऱ्याचा वैरी नव्हे. त्याचे फळ त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने विकले जावे, यातच त्याचेही हित आहे. वैर आहे ते दोघांच्या मधे उभे राहून एकाचे नाव दुसऱ्याच्या फळाला चिकटविणाऱ्या व्यवहाराशी.

या स्वस्ताईचा फळावर काय परिणाम होतो, हे बागेत गेल्यावाचून समजत नाही. हापूस चौदा आणे तयार झाला की काढावा, हा बागायतीतील जुना दंडक. झाडावरची सारी फळे एकाच दिवशी चौदा आणे होत नाहीत. म्हणून तीच कलमे पुन्हापुन्हा पाहावी लागतात, झेल्याने एकेक फळ देठासह उतरवावे लागते, पेंढ्याच्या आढीत त्याला दिवस द्यावे लागतात. हे सारे मजुरीचे काम आहे. पेटीचा भाव पडला की प्रथम ही मजुरी परवडेनाशी होते. मग दहा-बारा आणे तयार झालेले फळही एकाच तोडणीत खाली येते, आढीच्या जागी रसायनाची पुडी येते, आणि कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी असूनही तिचा मोह सुटत नाही. असे फळ रंगाने पिवळे होते. त्याला वास नसतो आणि गोडीही नसते. गिऱ्हाईक फसल्याची नोंद मनात ठेवते आणि पुढच्या मोसमात त्याहून कमी भाव देऊ करते. कमी भावामुळे कस उतरतो आणि उतरलेल्या कसामुळे भाव आणखी पडतो, असे हे चक्र आहे. यात चौदा आण्यांचा दंडक पाळणारा प्रामाणिक बागायतदार सर्वांत आधी भरडला जातो, कारण त्याचा खर्च जास्त आणि बाजारात त्याच्या फळाची वेगळी ओळख नाही.

अर्थशास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, जेथे विकणाऱ्याला मालाचा कस ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेथे घेणारा सरासरी कसाचीच किंमत देऊ करतो. चांगल्या मालाच्या धन्याला ती परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि खराब माल तेवढा उरतो. या विचाराला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हापूसला तर साक्याचा शाप आहे. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ आत पांढरट निघते आणि ते कापल्यावाचून कळत नाही. अशा मालाच्या बाबतीत गिऱ्हाइकापाशी दोनच आधार असतात : नाव आणि भाव. नाव कोणीही वापरू लागला आणि भाव रोज पडू लागला, की दोन्ही आधार एकदमच नाहीसे होतात.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो आपल्याच माणसांकडून येईल. ज्या चळवळीने १९७२ साली मृणाल गोरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले, तिने आता स्वस्ताईविरुद्ध बोलावे काय? आक्षेपाचे उत्तर त्या चळवळीच्या मागणीतच आहे. तिची मागणी सुटीची नव्हती, रास्त भावाची होती. शिधावाटपाच्या दुकानाला 'रास्त भाव दुकान' हे नाव विचारपूर्वकच दिलेले आहे. सूट ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आज असते नि उद्या नसते. रास्त भाव हा हिशेबावर उभा असतो आणि म्हणून त्याविषयी जाब विचारता येतो. शिवाय स्वस्त म्हणजे हलके, हे समीकरणही समाजवाद्यांनी कधी मान्य केलेले नाही. पूर्वीच्या राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै यांच्यानंतर लोकसभेवर पाठविलेले प्रा. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालण्याचा निर्णय घेतला. सामान्य माणसाच्या वाट्याला स्वस्त आले तरी ते कमअस्सल येता कामा नये, हा त्यामागचा विचार. सवलतीचा बाजार याच्या नेमके उलटे करतो. तो गरिबाला फळीच देतो आणि तिच्यावर सुटीची चिठ्ठी चिकटवितो.

या स्वस्ताईची किंमत कधीकधी माणसांच्या जिवाने मोजली जाते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार ठार झाले. परदेशांतील दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवणारी ही माणसे भिंतींना तडे गेल्याचे दिसूनही कामावर बोलावली गेली होती. दुसरीकडे, बड्या भांडवलाच्या हाती सूट हे प्रतिस्पर्ध्याला संपविण्याचे शस्त्र होऊ शकते. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन बड्या ऑनलाइन कंपन्यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला, तेव्हा मोठमोठ्या सवलतींचा मुद्दा त्यात होताच. कोट्यवधींचा तोटा वर्षानुवर्षे सोसू शकणाऱ्याशी राजापुरातील दुकानदार सुटीच्या स्पर्धेत उतरला, तर तो हरणार हे ठरलेलेच आहे.

एकदा लागलेली ही सवय सुटणेही कठीण असते. अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ साली सारे सेल बंद करून वर्षभर एकच सरळ भाव ठेवला. त्या वर्षी तिची विक्री सुमारे पाव हिश्शाने घसरली आणि पुढच्या वर्षी तिला जुन्या वाटेवर परतावे लागले. एकट्या विक्रेत्याने केलेला प्रामाणिकपणा पुरत नाही, त्याला संघटित गिऱ्हाईक आणि कायदा या दोहोंची जोड हवी, हाच याचा अर्थ.

ही जोड कशी असावी याचा धडा सहकाराने कधीच दिलेला आहे. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी आपले दुकान उघडले तेव्हा त्यांनी भाव पाडून गिऱ्हाईक ओढले नाही. माल निर्भेळ, वजन पुरे, भाव बाजाराचा आणि दर तिमाहीस उरलेली शिल्लक ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत, असा त्यांचा नियम होता. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत सुरू झालेल्या 'अपना बाजार'नेही सहकारी ग्राहक भांडाराची हीच वाट धरली. सूट आणि लाभांश यांतील भेद येथे स्पष्ट होतो : सूट मालाच्या अंगातून काढली जाते, लाभांश मधल्या नफ्यातून.

राजापूर तालुक्यात कामाला येथूनच आरंभ करता येईल. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव खोटेपणाने वापरणाऱ्यास कैदेची शिक्षा कायद्यात आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करील. कसाचे रक्षण बागायतदारांनाच करावे लागेल. गावोगावच्या बागायतदारांनी नोंदणी करून सहकारी संस्थांमार्फत प्रत ठरवावी, पेटीवर बागेची खूण, फळाचे वजन व तोडणीचा दिवस लिहावा आणि प्रतवार भाव मोसमाआधीच जाहीर करून शक्यतो तो स्थिर राखावा. उतरत्या प्रतीचे फळ हापूसच्या पेटीत न घालता रसाकडे वळवावे. मुंबईत राजापूरकरांची मंडळे आहेत, ग्राहकांच्या संघटना आहेत. त्यांनी आगाऊ मागणी नोंदविली, तर फळाला वाशीच्या पडत्या भावाची वाट पाहावी लागणार नाही. सरकारकडे मागणी करावयाची ती याची की, युरोपीय संघातील देशांत २०२२ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे, किंमत घटविल्याची जाहिरात करणाऱ्यास मागील तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगणे बंधनकारक करावे. एवढ्याने सवलतीच्या निम्म्याअधिक पाट्या आपोआप उतरतील.

यातले काहीच कार्यकर्त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. सवलतीची पाटी दिसली की 'किती टक्के?' एवढेच विचारण्याची सवय लोकांना लागली आहे. 'ही सूट कोणाच्या पदरातून दिली?' असा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हे आता चळवळीचे काम आहे.