सेन्सरवरची काच काढली, पुढे काय?

टीव्हीचा किंवा एसीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण बऱ्याच फोनच्या स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला फिकट जांभळा दिवा लुकलुकताना दिसेल. आता हाच प्रयोग मागच्या मेन कॅमेऱ्यावर करा. तिथे बहुतेक वेळा तो दिवा अंधूक होतो किंवा गायबच होतो. फोन तोच, रिमोट तोच, मग फरक कशामुळे? मेन कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर बसवलेल्या एका छोट्याशा फिल्टरमुळे.

या फिल्टरबद्दल बोलायचं कारण म्हणजे सध्या तो मुद्दाम काढून टाकणाऱ्यांची एक वेगळी दुनिया तयार झाली आहे. पांढरीशुभ्र झाडं, काळंभोर आकाश, किंवा सगळं जंगलच गुलाबी झालेले फोटो तुमच्या फीडवर आले असतीलच. त्यातले काही ॲपची किंवा एआयची करामत असतात. काही मात्र खरे 'इन्फ्रारेड' फोटो असतात, आणि ते बऱ्याचदा जुन्या, सेकंडहँड डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेले असतात. कॅमेरा उघडायचा, सेन्सरसमोरची काच काढायची, तिथे दुसरी बसवायची, एवढाच काय तो उद्योग. वरवर बघितलं तर हे एक फॅड वाटतं. पण शेतापासून म्युझियमपर्यंत आणि आपल्या प्रायव्हसीपर्यंत बरेच प्रश्न या एका काचेपाशी येऊन अडकलेत.

पान पांढरं का दिसतं?

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. लाल रंगाच्या पलीकडेही काहीतरी आहे, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये प्रिझम आणि थर्मामीटर वापरून दाखवलं. डिजिटल कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर हा पलीकडचा प्रकाश साधारण १००० नॅनोमीटरच्या पुढेपर्यंत टिपू शकतो. म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याला ही नजर जन्मतःच असते. पण मग फोटोतले रंग बिघडतात. २००६ मध्ये आलेल्या लायकाच्या 'एम८' कॅमेऱ्यात हा फिल्टर कमजोर होता, तर काळे सिंथेटिक कपडे फोटोत जांभळट दिसायला लागले. कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर फुकट द्यावे लागले. म्हणून बाकीच्या कंपन्या सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच बसवतात.

ती काढून साधी पारदर्शक काच लावली की कॅमेरा 'फुल स्पेक्ट्रम' होतो, म्हणजे थोडा अल्ट्राव्हायोलेट, सगळा दृश्य आणि जवळचा इन्फ्रारेड असं सगळं टिपतो. तिथे ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावला की मुख्यतः इन्फ्रारेडच उरतो. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, पण जवळच्या इन्फ्रारेडला त्याचा काही उपयोग नसतो. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या त्यातला मोठा भाग परत फेकतात. म्हणून हिरवंगार झाड फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून या परिणामाला 'वुड इफेक्ट' म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा 'थर्मल' कॅमेरा नव्हे. सिनेमात दिसणारी शरीराच्या उष्णतेची लाल-पिवळी चित्रं साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या, म्हणजे दहापटीहून लांब तरंगांची असतात. काच काढलेल्या डीएसएलआरला ती दिसत नाहीत.

गुलाबी रंगामागचं युद्ध

गुलाबी जंगलाचा लूक मुळात सौंदर्यासाठी आलेलाच नाही. कोडॅकची 'एरोक्रोम' ही फिल्म ज्या तंत्रातून आली, त्याचं मूळ लष्करी होतं. हिरव्या रंगाने रंगवलेला तंबू आणि खरी हिरवी झाडी डोळ्यांना सारखीच दिसते. या फिल्मवर जिवंत झाडी लाल-गुलाबी येते आणि साधा रंग लगेच उघडा पडतो. आयरिश फोटोग्राफर रिचर्ड मॉस यांनी हीच फिल्म घेऊन काँगोच्या पूर्व भागातला संघर्ष चित्रित केला आणि २०१३ च्या व्हेनिस बिएनालेत आयर्लंडच्या दालनात 'द एन्क्लेव्ह' मांडलं. जगाने दुर्लक्षित केलेलं युद्ध भडक गुलाबी रंगात समोर आल्यावर लोकांना थांबून बघावंच लागलं. कोडॅकने ती फिल्म बंद केली आणि शौकिनांना डिजिटल कॅमेऱ्याकडे वळावं लागलं.

एआय गुलाबी झाड दोन सेकंदात काढून देईल. मग काच कशाला काढायची? कारण एआय फक्त रंग बदलतं. ते झाड आतून सुकत चाललंय की नाही, ही माहिती मूळ फोटोतच नसेल तर ती कुठून आणणार? पिकासोच्या 'द ब्लू रूम' या १९०१ मधल्या चित्राखाली बो टाय लावलेल्या एका माणसाचं चित्र दडलेलं आहे, हे इन्फ्रारेडमुळेच स्पष्ट दिसलं आणि २०१४ मध्ये जगासमोर आलं. प्राचीन 'इजिप्शियन ब्लू' रंगावर साधा प्रकाश पडला की तो ९१० नॅनोमीटरच्या आसपास स्वतः चमकतो. त्यामुळे भिंतीवरचा रंग डोळ्यांना पुसला गेलेला वाटला तरी काच काढलेल्या कॅमेऱ्याला त्याचे कण सापडतात. हा फिल्टर नाही, पुरावा आहे.

आपल्या शेताचा फोटो कुणाकडे?

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध येतो तो शेतीत. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरणाला मंजुरी दिली. उपग्रह आणि ड्रोनवरून पिकाच्या तब्येतीचे जे रंगीत नकाशे बनतात, त्यातला सगळ्यात ओळखीचा आकडा म्हणजे 'एनडीव्हीआय'. त्याचं गणित अकरावीच्या मुलालाही जमेल. इन्फ्रारेडमधून लाल वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. पीक निरोगी असेल तर आकडा १ च्या दिशेने जातो, सुकत असेल तर खाली येतो.

युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहाचा डेटा कुणालाही फुकट मिळतो. त्यातला एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. दहा एकरांच्या शेताला हे पुरतं. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात मात्र वीस ठिपक्यांवर निदान करायचं, त्यात बांधावरची झाडंही मिसळलेली. शिवाय ऐन पावसाळ्यात, पीक वाढत असताना ढगांमुळे बऱ्याचदा काही दिसतच नाही. तिथे जमिनीवरचा स्वस्त कॅमेरा कामाला येतो. २०१३ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठी इन्फ्रारेड फिल्टर नसलेला 'नोआयआर' कॅमेरा आला, तेव्हा त्यासोबत निळ्या फिल्टरचा एक तुकडाही दिला होता, तो खास झाडांची तब्येत बघायला. अशा कॅमेऱ्याचे आकडे प्रयोगशाळेइतके अचूक नसतात, ऊन बदललं की तेही बदलतात. पण कृषी किंवा इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आणि शेजारच्या दोन वाफ्यांची तुलना करायला ते पुरेसे आहेत. नाहीतर आपल्या शेताबद्दलची माहिती कायम दुसऱ्या कुणाकडून विकत घ्यायची वेळ येणार.

मग कंपन्या का देत नाहीत?

कंपन्यांना हे जमत नाही असं मुळीच नाही. हायड्रोजनच्या तेजोमेघांचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्यातली काच बराचसा अडवते, म्हणून कॅननने '२०डीए', '६०डीए' आणि 'ईओएस आरए', तर निकॉनने 'डी८१०ए' हे मॉडेल खास आकाश टिपणाऱ्यांसाठी काढले. फुजीफिल्मने 'जीएफएक्स१०० आयआर' बनवला, पण तो न्यायवैद्यक, संशोधन आणि वारसा जतन करणाऱ्यांपुरताच ठेवला. सर्वसामान्य ग्राहकाला नाही.

या सावधपणाला इतिहास आहे. १९९८ मध्ये सोनीच्या हँडीकॅममधलं 'नाइटशॉट' दिवसा वापरलं तर काही कपड्यांच्या आरपार दिसतं, अशी ओरड झाली आणि कंपनीला त्यात बदल करावा लागला. २०२० मध्ये वनप्लस ८ प्रोच्या कलर फिल्टर कॅमेऱ्यातून पातळ काळ्या प्लास्टिकच्या आतलं दिसतं, असे व्हिडिओ फिरले आणि कंपनीने चीनमध्ये अपडेट पाठवून तो तात्पुरता बंद केला. हा काही एक्स-रे नाही, बहुतेक कापडांतून काहीच दिसत नाही. पण काही पातळ, अंगालगतच्या सिंथेटिक कापडांत धोका खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मग बंदी घालायची का? इथे कायदा काय म्हणतो ते बघू. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई २००८ च्या दुरुस्तीने आलं. संमतीशिवाय कुणाच्याही खासगी अवयवांची प्रतिमा टिपणं हा त्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती व्यक्ती सार्वजनिक जागी होती की खासगी, याने फरक पडत नाही. आपलं शरीर लोकांना दिसणार नाही, अशी तिची रास्त अपेक्षा होती का, एवढंच बघायचं. अंगावर कपडे घालण्यामागे नेमकी हीच अपेक्षा असते. कोणता कॅमेरा वापरला, हे या कलमात कुठेच येत नाही. म्हणजे हत्यार नाही, कृत्य पकडण्याची सोय कायद्यात आहे. अडचण आहे ती अंमलबजावणीची आणि 'फोटोच तर काढला' म्हणणाऱ्यांची.

शिवाय बंदी घातली तरी ज्याला वाईट करायचं आहे तो जुना कॅमेरा घरी उघडेल. अडेल तो रीतसर प्रोजेक्ट करणारा विद्यार्थी. उलट हाच कॅमेरा संरक्षणही देऊ शकतो. अंधारात बघणाऱ्या अनेक छुप्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे काच काढलेल्या कॅमेऱ्याला लख्ख दिसतात. अर्थात दिवा दिसला नाही म्हणजे खोली सुरक्षित, असं मात्र समजू नका.

दुसरा प्रश्न मालकीचा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कॅमेऱ्याची काच बदलणं ही दुरुस्ती नव्हे, पण विकत घेतलेली वस्तू उघडायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न तोच आहे. आज कॅमेरा उघडला की वॉरंटी गेली म्हणून समजायचं.

करून बघायचंय?

आधी कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो आणि त्याचा झटका जबर असतो. पहिली पायरी म्हणजे लेन्सवर लावायचा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर आणि ट्रायपॉड. आतली काच तशीच असल्याने एक्स्पोजर काही सेकंदांचं द्यावं लागेल, म्हणून वारा नसलेली दुपार निवडा. व्हाइट बॅलन्स हिरव्या गवतावर सेट करा. मग कॅम्पसमधलं एकच झाड मे महिन्यात, जुलैत आणि डिसेंबरमध्ये टिपा. आवड टिकली तर पडून असलेला जुना कॅमेरा जाणकाराकडून बदलून घ्या.

आणि फ्रेममध्ये माणूस असेल तर आधी सांगा की हा कॅमेरा वेगळा आहे, मग विचारा, आणि फोटो दाखवा. नेहमीच्या कॅमेऱ्यात ही मर्यादा कंपनीने काच बसवून सांभाळलेली असते. ती काढली की सांभाळायची जबाबदारी आपली.